आरती राहिलेलं कीर्तन

प्लेगच्या पुढच्या वर्षी महापालिकेची रिक्षा भोंगा लावून बमरोलीच्या चाळींतून फिरली. डंकीचं, म्हणजे दारातल्या हातपंपाचं पाणी पिऊ नका, मिलचं आणि गटाराचं पाणी खाली एक झालंय, असं ती गुजरातीत सांगत होती. पोरं मागे धावली. बायांनी तरी डंकीवरच हंडे भरले. टँकर नाक्यावर यायचा, त्याचा काही नेम नव्हता.

मग आरोग्य खात्याच्या बाई काशिनाथबुवांकडे आल्या. सप्ताहात तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील, म्हणाल्या. बुवा मिलमध्ये कापड रंगवायचे आणि एकादशीला कीर्तनाला उभे राहायचे. त्यांनी होकारार्थी मान हलवली. त्यांची लेक धनश्री याच पाण्याने काविळीत गेली होती. तेव्हापासून आत काही हलत नव्हतं. डोळ्याला पाणी नाही, जिभेला चव नाही. अभंग तेवढे सवयीने तोंडातून येत.

काल्याच्या कीर्तनात त्यांनी कालियाची कथा लावली. विषारी डोह, पाणी पिऊन पडलेली गुरं, निपचित गोपाळ. मृदंग असा चढला की म्हाताऱ्याही डोलल्या. आणि रीतच अशी, की कथा देवाच्या विजयावर आणावी, मग आरती. बुवांनी कालियाला घालवलं, यमुना गोड केली. काला वाटला.

सकाळी डंकीला हळदकुंकू होतं. शेजारची रंजना तिच्या चेतनला ओंजळीने पाणी पाजत होती. हा चेतन धनश्रीच्याच कडेवर वाढलेला. बुवांनी तिला हटकलं.

"तुम्हीच तं सांगं ना बुवा, पानी गोड व्हयनं," रंजना म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, निव्वळ विश्वास होता.

बुवा मिलला गेले. पाळीभर त्यांच्यासमोरून लाल कापड सरकत राहिलं.

पुढच्या एकादशीला त्यांनी पुन्हा तीच कथा घेतली. टाळकरी लोटू हसून म्हणाला, बुवांची कथांची पेटी रिकामी झाली वाटतं. डोह आला, गुरं आली. गोपाळांच्या मधोमध त्यांनी एक मुलगी आणली. पिवळे डोळे, हातात पितळी गडू. नाव घेतलं नाही, पण बायांमधली कुजबुज थांबली. कृष्णाने कदंबावर पाय ठेवला, आणि बुवा थांबले. मृदंग दोन ठेके पुढे जाऊन गप्प झाला.

चाळीतल्या सरलाबाई निरांजन लावून आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"आरती राहू द्या, सरलाबाई," बुवा म्हणाले. "कालिया अजून खालीच आहे. आपल्या डंकीच्या खाली. माझ्या धनूला त्यानंच नेलं."

आरतीविना कीर्तन कुणी पाहिलं नव्हतं. उठावं की बसावं, कळेना. ताटातली ज्योत आपोआप विझली, तेव्हा रंजनाने चेतनला उचललं आणि ती निघाली.

पहाटे डंकीचा दांडा कुणी दाबू नये म्हणून लुगड्याच्या चिंधीने घट्ट बांधून टाकलेला होता. रंजना रिकामा हंडा घेऊन नाक्याकडे चालली होती. तिच्यामागे आणखी चारदोन बाया होत्या. तिने बुवांकडे पाहिलं नाही.

बुवांना वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. त्यांनी कोनाड्यातला पितळी गडू घेतला आणि टँकरच्या रांगेत रंजनाच्या मागे जाऊन उभे राहिले.