ढलपी अधिक एक वीत

आमच्या कारखान्यात लांबीचं एकक मी आहे.

कारखाना म्हणजे घरामागचं पत्र्याचं शेड, आणि तिथं आम्ही शवपेट्या बनवतो. बाबांचा टेपवर विश्वास नाही. ते म्हणतात, टेप उन्हात सैल पडते, माणूस पडत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की बाबा विचारतात, "आमच्या ढलपीएवढे होते की उंच?" ढलपी म्हणजे मी. रंधा मारताना लाकडाची जी पातळ साल निघून जमिनीवर पडते आणि संध्याकाळी केरात जाते, ती ढलपी. हे नाव बाबांनीच ठेवलं. लाडानं ठेवलं असावं असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

गिऱ्हाईक मला खालून वर न्याहाळून सांगतं, "चार बोटं वर असतील." मग बाबा म्हणतात, "झोप." मी फळीवर उताणा पडतो, बाबा डोक्याशी आणि टाचेशी पेन्सिलची रेघ ओढतात, पुढे चार बोटं धरतात आणि म्हणतात, "झालं. ऊठ." अख्खं गाव माझ्या हिशोबानं जमिनीखाली गेलंय. एवढं मोठं सामाजिक कार्य करूनही घरात मला कुणी विचारत नसे. फूटपट्टीला कुणी जेवलास का विचारतं का?

विचारायचे ते दादाला. दादा म्हणजे ढलपी अधिक एक वीत. ती जास्तीची वीत घरात सगळ्यांना फार आवडायची. दादा दारातून वाकून आत आला की आईला वाटायचं, आपणच हे दार एवढं लहान करून त्याच्यावर अन्याय केला.

एका सकाळी लाकडाच्या वखारीत फळ्यांची थप्पी कलली आणि दादा तिच्याखाली गेला. संपलं. यात विनोद नाही. मी शोधला होता.

पेटी बाबांनीच केली. शेडचं दार आतून लावून घेतलं, मला झोप म्हणाले नाहीत. त्यांना माझं माप पाठ होतं. दुसऱ्या दिवशी पेटी घरात आली, चौघांनी दादाला उचलून आत ठेवलं, आणि त्याचे पाय बाहेर राहिले.

मग आत्या बोलली. आत्याला शांतता सोसत नाही. "अगं बाई! वीत घालायची राहिली. ही तर ढलपीची पेटी!"

झालं. सगळ्या खोलीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभा होतो, जिवंत, आणि मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. मी बाबांकडे पाहिलं. जन्मात ज्या माणसाचं माप चुकलं नाही, तो फक्त पेटीकडे बघत होता.

शेवटी एका उंच, स्थूल निवृत्त हेडमास्तरांनी हौसेनं आधीच करून घेतलेली पेटी उसनी आणली. दादा तिच्यात मावला, दोन्ही बाजूंनी जागा उरली. आईनं तिथं उशा घातल्या.

माझी पेटी शेडच्या भिंतीला उभी राहिली. बाबा तिच्याबद्दल बोलत नसत. माझ्याशीही बोलत नसत, पण ते जुनंच होतं. मला मात्र तिच्याशिवाय दुसरा विचार सुचेना. हात खोटं बोलत नाही, असं बाबाच म्हणायचे. म्हणजे त्या हातांना त्या दिवशी जे वाटलं, ते त्यांनी कापलं. जायला कोण हवं होतं, ते लाकडात लिहून ठेवलं.

दुपारी बाबा घरात आडवे झाले की मी पेटी आडवी करून तिच्यात झोपायला लागलो. कपड्यांपासून चपलांपर्यंत आयुष्यात इतकं नेमकं मला काहीच बसलं नव्हतं. एकेक दिवस असा यायचा की वाटायचं, पेटी तयार, माप बरोबर, फक्त मीच काय तो आळस करतोय.

अशाच एका दुपारी चर्चमधलं मोडकं बाक दुरुस्तीला घेऊन आमचे पाळक आले. त्यांना बारमाही सर्दी. प्रवचनातले अर्धे शब्द नाकात अडकतात, त्यामुळे मंडळीतल्या कुणालाच आजवर पापांची पूर्ण यादी कळलेली नाही. त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं.

"कुणाची रे?"

"माझी."

"मग आत्तापासून कशाला झिजवतोस?" ते सरसाच्या डब्यावर बसले. मी उठलो नाही. झोपूनच त्यांना सगळं सांगितलं. चुकलेली वीत, आत्या, बाबांचे हात. "जायला मी हवा होतो, पाळकसाहेब. दादाच्या जागी."

त्यांनी नाक पुसलं. "ती जागा भरलीय."

"कुठली?"

"दुसऱ्याच्या जागी मरायची. एकानं क्रुसावर कधीच भरलीय. तू अर्ज करू नकोस." मग पेटीच्या कडेवर बोट वाजवून म्हणाले, "तुझ्या मापाच्या या पेटीत तो आधीच झोपून गेलाय."

"नाही हो," मी म्हणालो. "मी रोज बघतो. रिकामी असते."

"हो ना. तिसऱ्या दिवशी उठला तो. तेच तर सांगतोय."

मी वर पत्र्याकडे बघत राहिलो. ही माणसं सरळ कधी बोलणार? "दादाचं ठीक आहे. माझ्यासारख्या ढलपीसाठी कोण कशाला झोपेल?"

"तो सुताराच्या घरात वाढला रे. लहानपणी काय खेळला असेल? ढलप्याच की." त्यांना मोठी शिंक आली. "तुझा जीव त्याला इतका मोलाचा वाटला की स्वतःचा देऊन मोकळा झाला. आता बापाला जाऊन विचार. खरं काय ते ऐक. पण उत्तरावर जीव टांगू नकोस, तो आधीच दुसरीकडे बांधलेला आहे."

मी संध्याकाळी विचारलं. बाबा बाकाच्या पायाला रंधा मारत होते.

"बाबा, त्या दिवशी वीत का विसरलात?"

रंधा थांबला. "विसरलो नाही. घातली नाही." ते लाकडाकडेच बघत होते. "वाटलं, पेटी त्याला झालीच नाही, तर तो गेलाच नाही."

"आणि ती माझ्या मापाची झाली, ते?"

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. खरंच गोंधळले होते. "तुझा विचारच आला नाही रे मनात."

म्हणजे मी मरावं असंसुद्धा त्यांच्या मनात आलं नव्हतं. तिथंही माझा नंबर लागला नव्हता. मी वाट पाहत राहिलो, आता आपण मोडणार. बाबांनी परत रंधा चालवला, एक ढलपी गोल होऊन माझ्या पायाशी पडली. मी ती उचलली आणि खिशात ठेवली. मोडलो नाही. कुणाच्या तरी मनात माझा विचार आला होता. इतका आला होता की त्याच्या हातापायांत खिळे गेले. आणि खिळा काय करतो हे आमच्या घरात कुणी समजावून सांगायला नको.

त्याच आठवड्यात पाळक बाक न्यायला आले, तेव्हा म्हणाले की इस्पितळात एक माणूस मरून पडलाय. मागे कुणी नाही, नावही नाही.

"उंची?" बाबांनी विचारलं.

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. "हा आहे तेवढाच."

"मग ही घेऊन जा," मी पेटी दाखवली.

"ती तुझी आहे," बाबा म्हणाले.

"मी सध्या वापरत नाहीये."

बाबांनी पेटी खाली घेतली. इतके दिवस उभी राहून लाकूड फिरलं असेल, म्हणाले, एकदा बघायला हवं. "झोप."

मी झोपलो. त्यांनी झाकण लावलं. अंधार झाला आणि पॉलिशचा वास आला. बाबांची बोटं झाकणाच्या कडेनं चारी बाजूंनी फिरलेली मला आतून ऐकू आली. मग झाकण उघडलं.

"झालं. ऊठ."

मी डोळे मिटून पडून राहिलो. म्हटलं, जरा गंमत.

"ऊठ," बाबा म्हणाले. मग खाली बसल्याचा आवाज आला, त्यांचा खरखरीत हात माझ्या गालावर पडला आणि गाल थोपटायला लागला. "ए. ऊठ ना. ऊठ ना रे!"

गंमत वाईट होती. मी उठलो.