देव्हाऱ्यातली चिठ्ठी

लढाई करणं सोपं, ती लिहिणं अवघड, असं जनरल श्रीकांतराव मोकाशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. खोटं बोलत बापडे! लिहिणं झकास चाललं होतं. एकोणपन्नास साली निवृत्त होऊन जबलपुरात आले, तिथल्या गोरखपूर पेठेतल्या बंगल्यात टेबल मांडलं आणि आपल्या पलटणीचा इतिहास लिहायला घेतला. नियम एकच, कागदावर पुरावा नसेल तर ओळ लिहायची नाही. गाडं अडलं ते सातव्या प्रकरणाशी.

त्यात ब्रह्मदेशातली एक टेकडी होती. पलटणीच्या रोजनिशीत नोंद होती, 'सुभेदार गणपत हुकमाविना मागे फिरला. टेकडी गेली, बावीस माणसं गेली.' पुरावा पक्का. अहो, असणारच, रोजनिशी त्यांनीच लिहिलेली! मागे फिरायचा हुकूमही त्यांचाच. तेव्हा ते कर्नल होते आणि वरून जाब येताच घाबरले. गणपत त्याच दिवशी मेला होता, आणि मेलेल्याच्या माथी काहीही मारता येतं. पाच वर्षं हे पाप त्यांना घासागणिक आठवे, आणि पाच वर्षं ते घास गिळत आले.

अशात एका सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गढ्याहून गणपतची बायको अंजनी आली.

"साहेब, तुमी पलटनीचं पुस्तक लिहून राहिले म्हणे. त्यायचं नाव चांगलं येईल न जी? भाऊबंद मले पळपुट्याची बायको म्हनतात. पोरीचं लगन जमून नाई राहिलं."

"बाई, पुरावा लागतो," जनरल म्हणाले. जिभेला हाड नसतं, हेच खरं.

"हाय न!" तिनं पदराची गाठ सोडून कागद काढला. "त्यायच्या खिशातून आला. दुखवट्याच्या पत्रावर हाय तशीच तुमची सही. शाबासकीच असंल म्हनून देव्हाऱ्यात ठेवला, कोनाले हात लावू नाई देल्ला. रोज हळद वाहते."

कडा पिवळ्या झाल्या होत्या. मधे पेन्सिलीचं इंग्रजी अक्षर, 'टेकडी सोडा. ताबडतोब मागे या.' खाली सही.

"वाचा न जी."

शाबासकीच आहे म्हटलं असतं, तर बाई हात जोडून निघून गेली असती. शब्द अगदी ओठावर आला होता. मग त्यांना ती हळद दिसली आणि स्वतःची किळस आली. त्यांनी चिठ्ठी वाचून मराठीत सांगितली, जशीच्या तशी. म्हणाले, "हुकूम माझा होता. नोंद खोटी, ती मी केली. पुस्तकात हेच लिहीन."

"म्हंजे त्यायनं तुमचंच ऐकलं," एवढंच अंजनी म्हणाली.

जनरलांनी चिठ्ठी पुढे केली. तिनं हात मागे घेतला.

"राहू द्या, पुस्तकाले लागंल. माह्या देव्हाऱ्यात तुमची सही आता नाई ठेवता येत."