वगळलेला रस्ता

माझ्या मेहुण्याला घरात सगळे फूटपट्टी म्हणतात. लहानपणी चॉकलेटची वाटणी करताना त्याने फूटपट्टी लावली, स्वतःचा तुकडा किंचित मोठा निघाला, आणि जास्तीचा भाग बहिणीने घ्यावा म्हणून तो हटून बसला, असे सांगतात. साक्षीदार एकच, ती बहीण. म्हणून ही गोष्ट मी खरी धरत नाही, ती त्याला शोभते एवढेच मान्य करतो. ती बहीण म्हणजे माझी पत्नी. तो तिला ताई म्हणतो, तिच्याकडे येणारे रुग्णही ताईच म्हणतात. इथे मीही तेच नाव वापरतो.

मेहुणा पालिकेत वाहतूक अभियंता आहे. शहराच्या मध्यभागातले पार्किंगचे दर नव्याने ठरवायचे होते आणि ते काम त्याच्याकडे आले. त्याचा विचार सरळ होता. जागा थोड्या, गाड्या पुष्कळ. जो जागा अडवून बसतो तो दुसऱ्याची जागा खातो. तेव्हा पहिला तास स्वस्त असावा आणि दुसऱ्यापासून दर चढत जावा, म्हणजे काम झालेला माणूस रेंगाळणार नाही. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. या तर्कात मला तेव्हा खोट दिसली नव्हती आणि आजही दिसत नाही. कोणत्या रस्त्यावर गाड्या सरासरी किती वेळ थांबतात हे त्याने माणसे बसवून मोजून घेतले आणि त्यावरून रस्त्यागणिक दर बांधले, जिथे कामच वेळखाऊ तिथे सौम्य. गर्दी कमी झाली. वर्तमानपत्रांनी चार बरे शब्द छापले, ते त्याने आम्हाला दाखवलेही नाहीत.

ताईची खोली याच मध्यभागात, बाजारामागच्या एका अरुंद रस्त्यावर आहे. ती फिजिओथेरपिस्ट. पक्षाघाताने ज्यांची एक बाजू लुळी पडली आहे त्यांना ती पुन्हा चालायला शिकवते. तळमजला, उंबरा काढून टाकलेला, भिंतभर आरसा, जमिनीत पक्के रोवलेले दोन समांतर दांडे, आणि कोपऱ्यात मोजक्या पायऱ्यांचा एक लाकडी जिना, जो कुठेच जात नाही. उपचाराला पाऊण तास लागतो. पण माणसाला गाडीतून बाहेर काढणे, फुटपाथवर चढवणे, दारापर्यंत आणणे आणि नंतर हेच सगळे उलट क्रमाने करणे, यात जाणारा वेळ कुठल्याही औषधाने कमी होत नाही. रुग्णाला दारात उतरवून गाडी लांब लावावी, तर तोवर त्याला धरून उभे कोण राहणार? ताईचे निम्मे शास्त्र म्हणजे घाई न करणे. हे ती दिवसभर इतक्या जणांना बजावते की संध्याकाळी मी जरा भरभर जेवलो तरी माझ्याकडे तशाच नजरेने पाहते.

तिच्या रुग्णांत किल्लीवाले काका होते. हयातभर त्यांनी लोकांची कुलपे उघडून दिली. आता त्यांचे स्वतःचे दुकान बंद होते. दुकानापर्यंत आपल्या पायांनी जायचे आणि शटर आपल्या हातांनी वर ढकलायचे, याखेरीज त्यांना काही नको होते. उजवा पाय ओढत का होईना पुढे पडू लागला होता. उन्हाळ्यापर्यंत जमेल, असे ताई म्हणाली होती, आणि ती असे सहसा म्हणत नाही.

त्यांना गाडीतून आणत त्या काकू. साठी उलटल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या, त्या केवळ यासाठी. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत उलटी गाडी घालणे त्यांना कधी साधले नाही, म्हणून रांगेच्या टोकाची जागा रिकामी होईपर्यंत त्या बाजाराला फेऱ्या मारत राहत. “हिला रिव्हर्स नाही,” काका अडखळत्या जिभेने ताईला सांगत, “लग्न झाल्यापासून बघतोय.” काकू म्हणत, बोलता यायला लागलं तेच चुकलं.

नवे दर लागू झाले आणि खोलीत हळूहळू फरक पडला. जे रुग्ण आरशात स्वतःच्या पायांकडे पाहत, ते आता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागले. सोबतची माणसे उपचार संपण्याआधीच गाडीची चावी हातात घेऊन उभी राहू लागली. लाकडी जिन्याची पाळी शेवटी येई, म्हणून तीच गळू लागली: आज राहू दे ताई, पुढच्या वेळी दोनदा करू. लांबून येणाऱ्या दोघांनी येणेच सोडले. काकूंना ताईने सुचवून पाहिले की दुसऱ्या तासाचे पैसे मी भरते. काकूंनी ते हसण्यावारी नेले. आज पार्किंगचे द्याल, उद्या घरी दूध घालायला याल, असे म्हणाल्या आणि काकांचा हात धरून निघाल्या.

अपंगांसाठी सवलत होती. पण तिला कायमच्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागे, आणि जो बरा होण्याची शक्यता आहे त्याला ते मिळत नसे. म्हणजे काका चालणार नाहीत असे ताईने लिहून दिले असते, तर त्यांना चालायला शिकण्यापुरता वेळ मिळाला असता. हे मी मेहुण्याला सांगितले तेव्हा त्याने वाद घातला नाही. नियम वरून आलाय, भावोजी, एवढेच म्हणाला.

रविवारी तो आमच्याकडे जेवायला येतो. त्या रविवारी ताईने सरळ विषय काढला. आमच्या रस्त्यावर माणसांना तासापेक्षा जास्त वेळ लागतो, हे तुझ्या मोजणीत दिसलं कसं नाही, असे तिने विचारले. त्याने घास खाली ठेवला.

“ताई, तुझा रस्ता मी मोजलाच नाही.”

मग तोच पुढे सांगू लागला. “तिथे तुझी खोली आहे. मोजला असता तर लोक म्हणाले असते, बहिणीसाठी दर उतरवला. म्हणून तो वगळला आणि बाजूच्या दोन रस्त्यांची सरासरी तिथे लावली.”

बाजूच्या एका रस्त्यावर बँका आहेत, दुसऱ्यावर कपड्यांची दुकाने. दोन्हीकडे माणूस धडधाकट पायांनी आत जातो आणि तसाच बाहेर येतो. आपला हितसंबंध असेल तर निरीक्षकाने बाजूला व्हावे, हा नियम मी विद्यार्थ्यांना शिकवतो. मेहुणा बाजूला झाला नाही, त्याने रस्त्यालाच बाजूला केले. या चुकीमागे लोभ नव्हता, आळस नव्हता. अप्रामाणिक माणसाच्या हातून ती झालीच नसती. तशा माणसाने बहिणीचा रस्ता सर्वांत आधी मोजला असता.

“म्हणजे सगळ्या गावाला न्याय देताना तू मला सोडून दिलंस,” ताई म्हणाली.

“सोडलं नाही. वगळलं.”

“माझ्याकडे येणाऱ्यांना त्यातला फरक कळत नाही रे.”

त्याने तिथल्या तिथे कबूल केले की रस्ता मोजून घेईन, आणि शब्द पाळला. स्वतः तिकडे फिरकला नाही. दुसऱ्या विभागातली, ताईला न ओळखणारी माणसे बसवली. आकडे आले ते त्याने मला दाखवले. त्या रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक गाडी तास भरण्याआधी निघून जात होती. सरासरी इतकी आटोपशीर होती की दर त्या रस्त्यासाठी बेतूनच शिवल्यासारखा वाटावा.

आम्ही दोघे त्या कागदाकडे पाहत राहिलो. ज्यांना जास्त वेळ लागतो ते एकतर यायचे थांबले होते, नाहीतर तास भरायच्या आत पळ काढत होते. दराने रस्ता आधी आपल्या मापाचा करून घेतला आणि मग तो मापात बसतो हा दराच्या अचूकपणाचा पुरावा ठरला. मेहुण्याला हे माझ्याआधी कळले होते. न आलेली गाडी मोजायची कशी, असे तो स्वतःशीच पुटपुटला. पहिल्यांदाच, दर लागण्यापूर्वी, मोजणी झाली असती तर ती गाडी तिथे उभी सापडली असती.

दर मंजूर करणाऱ्या पालिकेच्या समितीपुढे त्याने हे सगळे मांडले. हे आकडे ग्राह्य धरू नयेत, असे स्वतःच्याच मोजणीविरुद्ध सांगितले. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “साहेब, आधी बहिणीचा रस्ता म्हणून मोजला नाहीत. आता मोजलात, तर आकडे पसंत नाहीत. बहिणीसाठी नक्की करायचं तरी काय, ते एकदा ठरवा.” सभेत हशा पिकला. विषय पुढच्या वर्षीच्या फेरविचारावर ढकलला गेला. एवढे सांगायला तो आमच्या दारात आला, पायांतले बूटही काढले नाहीत, आणि ताईने आत ये म्हटले तरी तसाच परत गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काका पडले. खोलीतून गाडीकडे जाताना, फुटपाथच्या कडेला. ताई तेव्हा पुढच्या रुग्णाचा गुडघा धरून बसली होती. तिने आवाज ऐकला, पण हातातला माणूस एकदम सोडून तिला उठता आले नाही. काकांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, मग छातीत संसर्ग झाला, आणि ते घरी परतले नाहीत.

एका पडण्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पक्षाघाताचे रुग्ण पडतात. पार्किंगचे दर जुने होते तेव्हाही पडत. हे मी ताईला समजावले. माझे बोलणे शास्त्राला धरून होते. ती पाठमोरी राहून कपडे दोरीवर टाकत होती, आणि सगळे टाकून झाल्यावरही वळली नाही.

काकूंना भेटायला आम्ही तिघे गेलो. मेहुण्याला नको येऊस म्हणून सांगितले होते, तो आलाच. बाहेरच्या खोलीत, खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे टांगलेल्या भिंतीखाली काकू बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिले, ताईला जवळ बसवले आणि तिने न विचारताच सांगू लागल्या.

“मीच म्हटलं हो ताई. दारातूनच म्हटलं, आवरा, तास भरत आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाय उचलला. तुम्ही शिकवलं होतंत, आधी काठी, मग पाय. कधी चुकले नव्हते.”

ताईने त्यांचा हात हातात घेतला. काकू मेहुण्याकडे वळल्या. तो कोण आणि काय करतो हे त्यांना ठाऊक होते.

“तुम्ही एवढं मोजता-मापता. खरं सांगा, मी बोलले नसते तर पडले असते का?”

 पुराव्याबाहेर एक शब्द न बोलणारा माणूस तो.

“काकू, चूक तुमची नाही. दर चुकीचा होता. तो रस्ता मी मोजला नव्हता.”

काकू चिडतील असे मला वाटले. मनोमन मी त्याचीच वाट पाहत होतो. चिडल्या असत्या तर ओझे निदान हलले असते. त्यांनी पुढे होऊन त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ताईंचे भाऊ शोभता. मला बरं वाटावं म्हणून अंगावर घेताय.”

त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितले: बाजूचे रस्ते, बँका, सरासरी, मागाहून केलेली मोजणी. सांगताना त्याचा आवाज फाटत होता, क्रम मात्र कुठेही चुकत नव्हता. धडा म्हणून दाखवणाऱ्या लेकराकडे पाहावे तशा काकू मान डोलावत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, असं बाहेर कुठे बोलू नका, नोकरीवर येईल.

त्याने माझ्याकडे पाहिले. काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचा विचार मी त्या क्षणी केला नाही.

“काकू, तो म्हणतोय ते खरं आहे,” मी म्हणालो.

“तुम्ही तर घरचेच,” काकू म्हणाल्या.

 ताई त्यांचा हात चोळत होती, रुग्णाचा आखडलेला हात चोळते तसा, बोटाबोटाने. मग काकू बोलल्या, आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता.

“पैसे होते हो माझ्याकडे दुसऱ्या तासाचे. पर्समध्येच होते.”