दोनशे बारा खुणा

व्हिन्कोकाकांनी कानांवरचा हेडफोन काढून बाकावर ठेवला आणि ब्रिनाला सांगून टाकलं, दोनशे बारा झाल्या, आता पुरे.

ब्रिनाला हे परवडणारं नव्हतं. काकांच्या चोवीस मधपेट्यांत तिनं माइक बसवले होते, संगणकात चाळीस हजार ध्वनिफिती साठल्या होत्या, आणि त्या ऐकून 'थवा उडणार' की 'नाही' अशी खूण करणारा माणूस गावात हा एकच. सोमवारी त्याच्या खुब्याचं ऑपरेशन. राणीमाशी अर्धं घर घेऊन उडते ती नेमकी मे महिन्यात, आणि तेव्हा काका ल्युब्ल्यानाच्या इस्पितळात उताणे पडलेले असणार. या खुणांवरून शिकणाऱ्या ब्रिनाच्या यंत्रानं वेळेवर सांगितलं नाही, तर काकांनी जिवापाड जपलेल्या माश्या रानात पसार.

"एवढ्यावर ते शिकणार कसं, काका?"

"माझ्या बापानं मला दहा गोष्टी सांगितल्या. बाकीचं या बाकावर बसून ऐकलं. तुझ्या यंत्राला बसायला काय होतं?"

म्हाताऱ्याचं हे बोलणं घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यातून जाईना. खरंच होतं की. क्षणभराच्या गुणगुणीतून काही कळत नाही. आधी काय वाजलं, मग काय वाजलं, त्या क्रमात सगळं असतं. तिनं यंत्राला आधी बिनखुणेच्या सगळ्या फिती ऐकवल्या. नुसतं ऐक, पुढचा आवाज कोणता येईल ते ओळख, एवढंच. ते चांगलं मुरल्यावर मग काकांच्या खुणा दाखवल्या. त्यांतल्या तीस लपवून ठेवल्या होत्या, परीक्षेसाठी. यंत्रानं अठ्ठावीस बरोबर ओळखल्या, आणि ब्रिना स्वयंपाकघरात एकटीच नाचली.

जाताना काका बजावून गेले होते, पहिली उडेल ती चौथी पेटी. गुरुवारी सकाळी फोन वाजला आणि यंत्रानं नाव घेतलं ते सातवीचं. सैतान एका बाईची जीभ सहाणेवर घासतोय, असं जुनं चित्र तिकडच्या रिवाजाप्रमाणे पुढच्या फळीवर रंगवलेली ती पेटी. ब्रिना घुटमळली. काकांचं ऐकावं की यंत्राचं? मग सायकल काढून ती सुटलीच.

पेट्यांजवळच्या नाशपातीच्या झाडाखाली काकांची बायको, टोन्चका-काकू, आधीच उभ्या. गवतावर पांढरी चादर अंथरलेली, हातात टोपली. दहा मिनिटांत सातवीतून थवा उसळला आणि वरच्या फांदीला दाढीसारखा लोंबकळला. काकूंनी फांदीला एक झटका दिला, आणि सगळं बिऱ्हाड टोपलीत.

"काकू, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? माझं स्वयंपाकघर पन्नास वर्षं या पेट्यांमागच्या भिंतीला लागून आहे." काकूंनी टोपलीवर फडकं टाकलं. "दर मे महिन्यात मीच म्हणते, आज कॉफी जरा बाहेर बाकावर घे. मग म्हाताऱ्याला ऐकू येतं."

ब्रिना त्यांच्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात काकांचा फोन आला. उडाली का, कोणती, त्यांनी विचारलं. सातवी म्हटल्यावर त्यांनी चौथीचं नावच काढलं नाही.

"कोणी ओळखलं?"

ब्रिनानं काकूंकडे पाहिलं. काकूंनी भुवया उडवून पेटीतल्या माइककडे बोट दाखवलं.

"यंत्रानं," ब्रिना म्हणाली.

"वाटलंच मला," काका खुशीत म्हणाले. "शेवटी शिकलंय कोणाकडून?"

काकूंनी एप्रनमध्ये तोंड खुपसलं. हसून हसून त्यांचे खांदे हलत होते.