घरटी एक माणूस

भागीरथीबाईंचं डोकं सकाळपासून तापलेलं. उन्हानं नव्हे, दिरानं.

दीर व्यंकोजी, शाळेत इतिहास शिकवणारे, पट्टीश्वरम गावच्या पाटाकाठी मांडवात उभे राहून भाषण वाचत होते. पाटात गुडघाभर गाळ. मेट्टूर धरणाचं पाणी आज सुटेल की उद्या, असे दिवस. गाळ निघाला नाही तर ते वरच्या मळ्यांतच जिरणार, आणि पाटाच्या शेपटाला असलेलं भागीरथीबाईंचं एकुलतं शेत कोरडं राहणार.

"समुद्रापलीकडे पेरू देश आहे," व्यंकोजी तमिळमध्ये वाचत होते. "तिथल्या लोकांनी पूर्वी डोंगर फोडून पाट काढले. साऱ्या गावानं मिळून. मजुरी नाही, कुरकुर नाही—"

खोटं!

काल जेवताना ह्याच तोंडानं, घरच्या मराठीत, सांगितलं होतं: "वैनी, तिथं बोलावणाऱ्यानं जेवण घालायचं. मक्याची दारू पाजायची. पहिलं ढेकूळ खुद्द राजा फोडायचा, सोन्याच्या टोकाच्या काठीनं."

"मग आपल्यासारखंच की!"

आपल्यासारखंच. ज्याची जमीन मोठी त्याची माणसं जास्त, आणि गाळाची पहिली टोपली त्याच्या डोक्यावर. सासऱ्यांच्या हयातीपर्यंत हेच चाललं.

आता श्रमदान. घरटी एक माणूस. अर्धा पाट पिणाऱ्या चंद्रमौली मिरासदारांच्या घरचाही एकच, आणि तो एक म्हणजे ते स्वतः, खुर्चीत बसून कॉफी पीत होते.

"—केवळ राजाच्या शब्दाखातर—"

"भावोजी! दारू राहिली! काठी राहिली!"

व्यंकोजी कागदाआडून मराठीत पुटपुटले, "वैनी, मिरासदार म्हणाले, थोडक्यात आटपा."

"थोडक्यात म्हणून राजाचं कामच गाळलंत?"

पुढचं बाईंनी ठरवलं नव्हतं.

पाटात उतरल्या. टोपली भरली. वर आल्या. मिरासदारांच्या मांडीवर टोपली पालथी.

पांढरंशुभ्र धोतर. काळा गाळ. कॉफी.

"पहिली तुमची," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, सगळ्यांना कळावं म्हणून.

मिरासदार ताडकन उठले. "रंगा! हिच्या शेताच्या पाण्याचं दार बंद कर! थेंब जाता कामा नये!"

रंगा पाटकरी. पाणी सोडणं, अडवणं त्याच्या हातात. तो गाळात उभा होता, तिथून हलला नाही.

"आज श्रमदान, ऐया. आज मी तुमचा नोकर नाही, माझ्या घरचा एक आहे. बंद करायचंय तर उतरा. दार खालच्या टोकाला आहे. जाताना वाटेतला गाळ काढत जा."

पाटभर हशा पिकला. कुदळी पडू लागल्या. कुणी दाराकडे गेलं नाही.

भागीरथीबाई हसल्या नाहीत. व्यंकोजी कागदाची घडी करून मांडवामागून सटकत होते. बाईंनी त्यांना गाठलं.

"कुठं निघालात?"

"वैनी, तो माणूस उद्या शाळेत येईल, माझी नोकरी..."

"येऊ दे." रिकामी टोपली त्यांच्या छातीवर आदळली. "घरटी एक. आपल्या घरचे तुम्ही."

"सदरा तरी काढू दे!"

"मळू दे!"