शंभर काड्यांचे देणे

पणजोबा ग्रिगोल, त्यांचा मुलगा इसिदोरे, त्याचा मुलगा वारलाम आणि वारलामची थोरली मी, दोमनिका. त्या तिघांनीही मरताना एकच गोष्ट बजावली: टेकडीवरच्या मठाच्या शंभर काड्या द्यायच्या राहिल्या आहेत. ग्रिगोलच्या काळी एका हिवाळ्यात इमेरेती प्रांतातल्या आमच्या खोऱ्यातल्या द्राक्षवेली मुळापर्यंत गोठल्या. उतारावरच्या मठाच्या मात्र तगल्या. संन्याशांनी आपल्या काळ्या द्राक्षाच्या शंभर काड्या लावायला दिल्या आणि शंभरच परत मागितल्या. त्या देण्याआधीच नव्या सरकारने मठ बंद केला, मळा उपटला आणि मठाच्या जुन्या चर्चमध्ये खताची पोती रचली. ते द्राक्ष पुढे केवळ आमच्या कुंपणात उरले.

मठ पुन्हा सुरू झाल्यावरही मी अकरा वर्षे थांबले. दाढी वाढवली की माणूस संन्यासी होतो, असे मला कधी वाटले नाही. त्यात खाली रस्त्यावर मठाचे नाव छापलेल्या वाइनच्या बाटल्या विकायला आल्या. काड्या एखाद्या कंपनीच्या हाती गेल्या, तर देणेही फिटणार नव्हते आणि द्राक्षही हातचे जाणार होते. तरी यंदा मार्चमध्ये ओल्या गोणपाटात काड्या बांधून मी वर निघाले. त्सियाला नावाची माझी सून गाडी चालवत होती.

"आई, एवढा संशय आहे तर चाललोय कशाला?"

"पाहायला. तू समोर बघ."

मठात बायकांना पँटवर जाता येत नाही, म्हणून फाटकाशी खुंटीवर टांगलेले फडके तिने कमरेला पँटवरून गुंडाळले. चर्चमागे ताडपत्रीखाली स्टीलचे टाके होते.

"दिसलं? वाइनचे पुरलेले रांजण नुसते पाहुण्यांना दाखवायला, खरी वाइन ह्याच्यात," मी म्हणाले.

तळघर चर्चच्या भिंतीला लागूनच होते. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या एका रांजणातून घासण्याचा आवाज येत होता.

"मठाधिपती फादर शियो कुठे आहेत?" मी विचारले.

"तुमच्या पायाशी," रांजणातून उत्तर आले. "जरा बाजूला व्हा आजी, अंधार होतोय."

चेरीच्या सालीचा कुंचा घेऊन तो वर आला. मी सगळी हकिगत सांगितली. त्याचा चेहरा काही उजळला नाही.

"गेल्या वर्षी तीन आज्या आल्या होत्या. तिघींकडेही मठाची मूळ वेल होती. एकीची तर तुती निघाली."

त्याने एक काडी ओढून नखाने साल खरवडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांत माझी वस्तू कोणी अशी खरवडली नव्हती.

"हिरवी आहे," तो म्हणाला.

"असणारच. त्या टाक्यात काय आहे?"

"पाणी. उन्हाळ्यात झरा आटतो."

"आणि बाटल्यांत?"

"ह्या रांजणांतली वाइन."

"मग ह्याचं शेवटचं पाणी दाखवा."

त्सियालाने मान खाली घातली. आमच्याकडे रांजण धुणाऱ्याने अखेरचे पाणी स्वतः प्यावे लागते. वरवर धुणारा त्या वेळी सबब काढतो.

"हे चौथं होतं. अजून दोन पाण्यांनी धुवायचंय."

"धुवा. मी बसते."

ही सबबच, असे मी मनाशी धरून चालले होते. पण तो पुन्हा खाली उतरला. तासाभराने त्याने सहावे पाणी मातीच्या वाडग्यात भरले, उजेडात धरून पाहिले, अर्धे प्यायले आणि वाडगा माझ्यापुढे केला.

"उरलेलं तुम्ही. तुमचा माझ्यावर भरवसा नाही, तसा माझाही तुमच्यावर नाही."

मी प्याले. ना आंबूस वास, ना गाळ.

मग गोणपाट उलगडले. मी मोजल्या, माझ्या मोजणीवर विश्वास नसल्याने त्याने पुन्हा मोजल्या. एकशे एक भरल्या. एखादी वाळेल म्हणून एक जास्तीची मीच घातली होती. त्याने ती उचलून माझ्या हातात परत दिली.

"ही ठेवली, तर पुढच्या तीन पिढ्या आम्ही तुमच्या दारी."

"आणि एखादी वाळली तर?"

"आमची वाळली."

मी ती काडी त्सियालाकडे दिली. त्याने गोणपाट पुन्हा नीट बांधले आणि छातीशी धरून तो उभा राहिला.

"ग्रिगोलच्या शंभर पोचल्या," तो म्हणाला.