चित्रामागची तारीख

"अंकलजी, डेट तो पंद्रह थी," सोसायटीच्या ऑफिसातला हरिदास म्हणाला आणि त्यानं आपला मोबाइल कृतिकासमोर धरला. तिच्या वडिलांसमोर, दीनानाथांसमोर धरून उपयोग नव्हता. काचबिंदूनं त्यांची नजर जाऊन सहा वर्षं झाली होती.

मोबाइलवर सोसायटीच्या वेबसाइटवरची नोटीस होती. मागचं फाटक एक डिसेंबरपासून कायमचं बंद. कुणाची लेखी हरकत असेल तर पंधरा नोव्हेंबरपर्यंत द्यावी. दीनानाथांनी ती एकोणीसला दिली होती, स्वतः काठी टेकत येऊन, शिक्क्याची पोच घेऊन. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात अख्खी नोकरी काढलेला माणूस. पोचेशिवाय कागद हातातून सोडत नसे.

"पच्चीस थी. मैंने खुद सुनी है," ते म्हणाले.

"सुनने में हो जाता है, अंकलजी. इस उमर में तो..." हरिदासनं वाक्य अर्धवट सोडलं आणि कृतिकाकडे पाहून मान हलवली.

लॉबी रंगवायची म्हणून फळ्यावरचे सगळे कागद काढून टाकले होते. आता वेबसाइट म्हणेल तेच खरं. आणि हरकत घेणारे साडेतीनशे घरांत एकटे दीनानाथ. डिलिव्हरीच्या बाइक तिकडून घुसतात म्हणून बाकीच्यांना ते फाटक नकोच होतं. पण पुढचं फाटक उघडत होतं सर्व्हिस रोडवर, जिथे ई-रिक्षा बिनधास्त उलट्या बाजूनं येतात. मागचं उघडत होतं झाडांच्या पट्ट्यावर. तिथून दोनशे बारा पावलांवर एक बाक होता. गाझियाबादच्या त्या अफाट पसाऱ्यात दीनानाथ एकटे जाऊ शकत अशी तेवढी एकच जागा.

 घरी परतताना लिफ्टमध्ये ते एवढंच म्हणाले, "कृतिका, तुलाही पंधराच दिसली?"

"हो, बाबा."

"अच्छा."

तिच्या मनात पाल चुकचुकली ती हरिदासबद्दल नव्हे, बाबांबद्दलच. मागच्या महिन्यात दोनदा त्यांनी तिला आईच्या नावानं हाक मारली होती. एकदा गॅस बंद केला का, हे तासाभरात चारदा विचारलं होतं. विसरायला लागलेल्या आंधळ्या माणसाला एकटं बाहेर सोडायचं? तसं असेल तर फाटक उघडं राहून तरी काय उपयोग?

रात्रीच्या जेवणानंतर तिनं नवऱ्याला विचारलं. साकेत सोसायटीचा सहसचिव. नोटिशी तोच बनवायचा, तोच चढवायचा.

"तारीख काय ठेवली होती रे?"

"साइटवर असेल तीच असणार ना," भांडी सिंकमध्ये ठेवत तो म्हणाला. "जाऊ दे यार, नको आता त्यांना कानकोंडं करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीनानाथ फिरायला गेलेच नाहीत. काठी कपाटात, कोटाच्या मागे ठेवलेली तिला सापडली. "माझ्या कानावर माझाच भरवसा राहिला नाही तर पावलं काय मोजू?" ते म्हणाले, आणि चहा गार होईपर्यंत तसेच बसून राहिले.

कृतिकाला तो टोमणा आपल्यालाच मारल्यासारखा वाटला. कारण ती वेबसाइट तिनंच बनवली होती. नोएडाच्या कंपनीत ती हेच काम करायची. सोसायटीसाठी फुकट केलं होतं, ते एकट्या बाबांसाठी. जुन्या साइटवर प्रत्येक नोटीस म्हणजे कागदाचा फोटो. बाबांच्या फोनमधला वाचणारा आवाज त्यावर येऊन फक्त "इमेज" म्हणायचा आणि पुढे सरकायचा. गुगललाही त्या फोटोंतलं फारसं काही उमगत नसे. तिनं पानांना नीट मथळे दिले, बटणांना नावं दिली, फिकट राखाडी अक्षरं काळी केली. आणि एक नियम घातला: फोटोखालच्या चौकटीत त्यातला मजकूर टाइप केल्याशिवाय नोटीस चढणारच नाही. तो मजकूर पानावर दिसत नाही. फक्त वाचणाऱ्या आवाजाला आणि शोधयंत्राला कळतो. कमिटीनं कुरकुर केली होती तेव्हा साकेतच भांडला होता. "एका माणसासाठी का होईना, करायचंच," म्हणाला होता.

रविवारी दुपारी बाबांच्या खोलीतून तो आवाज पुन्हा पुन्हा येत होता. एरवी ते तो इतक्या भरधाव लावत की घरात दुसऱ्या कुणाला अक्षर कळत नसे. आज तो बालवाडीतल्या बाईंसारखा सावकाश बोलत होता. कृतिका दारात थांबली.

"ये," दीनानाथ म्हणाले. "अकरा वेळा लावलं. अकराही वेळा पंचवीस. तू सायन्सची ना? मग सांग, विसरणारा माणूस अकरा वेळा एकच चूक करतो का?"

त्यांनी बाराव्यांदा बोट टेकवलं. "लिखित आपत्ति पच्चीस नवंबर तक," आवाज म्हणाला.

कृतिकानं पडद्याकडे पाहिलं. तिथे पंधराच होती.

तिनं लॅपटॉप उघडला. फोटो पंधराचा. त्याखालच्या चौकटीतला मजकूर पंचवीसचा. म्हणजे कुणीतरी मागाहून नुसता फोटो बदलला होता. चौकट आधीच भरलेली असल्यानं यंत्रानं पुन्हा काही विचारलं नव्हतं. चौकट रिकामी आहे का, एवढंच पाहायला तिनं त्याला शिकवलं होतं. आत लिहिलेलं खरं आहे का, हे नाही.

फोटो बदलल्याची नोंद होती. गुरुवार, वीस तारीख, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. बाबांनी हरकत दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी. बदलणाऱ्याचं नाव: साकेत.

हरिदास, असंच तिच्या मनात पहिल्यांदा आलं. साकेतचा पासवर्ड त्याला ठाऊक असणार. हरिदासवर संशय घेणं किती सोपं होतं! मग आठवलं, गुरुवारी सोसायटीच्या ऑफिसला सुट्टी. आणि गुरुवारी साकेत घरून काम करतो.

तो बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. तिनं लॅपटॉप त्याच्यासमोर धरला. त्यानं वाचलं आणि हातातला शर्ट पुन्हा बादलीत टाकला.

"सप्टेंबरमध्ये त्या फाटकात बाइकनं त्यांना पाडलं होतं," तो म्हणाला. "मीच उचलून आणलं. कोपर फुटलं होतं. तू बंगलोरला होतीस. म्हणाले, साकेतराव, कृतिकाला सांगू नका, ती मला कोंडून ठेवेल."

"आणि तू शब्द पाळलास."

"काय करणार होतो मग? त्यांना सांगितलं तर ऐकत नाहीत, तुला सांगायचं नाही. फाटकच बंद होत होतं, आपोआप. फक्त ती एक हरकत..."

"मला विचारायचं होतंस. नाहीतर कमिटीत उघड विरोध करायचा होतास. तीन दिवस, साकेत! ते स्वतःला वेडे समजताहेत. मीही समजत होते. आणि तू भांडी ठेवत ऐकत होतास."

"ते इतकं मनाला लावून घेतील असं वाटलं नव्हतं."

"आणखी काय काय बदललंयस?"

"काही नाही. खरंच."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता, आणि त्याच्या उत्तरावर असं थांबायची वेळही आली नव्हती.

"बस," ती म्हणाली. "तूच लिही. फोटो नको, साध्या अक्षरांत."

त्यानं लिहिलं. आधी "तांत्रिक चुकीमुळे" असं लिहिलं, तिनं त्या शब्दांवर बोट ठेवलं, मग ते त्यानं खोडले. शेवटी पानावर राहिलं ते असं: हरकतींची अंतिम तारीख पंचवीस नोव्हेंबर होती आणि आहे. वीस तारखेला सहसचिवानं, म्हणजे मी, ती बदलली. एकोणीसला आलेली हरकत ग्राह्य आहे. सहसचिवपदाचा राजीनामा सोबत.

आतून तो आवाज ऐकू आला. या वेळी एकदाच, आणि नेहमीच्या भरधाव वेगात.  साकेत दाराशी जाऊन उभा राहिला. आत जायचं धैर्य त्याला होत नव्हतं.

"साकेतराव," दीनानाथ म्हणाले, "कोपराचं तुम्ही सांगितलंत वाटतं तिला."

"हो, बाबा."

"हं." कपाट उघडल्याचा आवाज झाला, कोटाचे हँगर एकमेकांवर आपटले. काठी घेऊन ते बाहेर आले, जावयाच्या बाजूनं निघून गेले आणि चपला चाचपताना थांबले.

"कृतिका, पडद्यावर काय लिहिलंय ते तू वाच बरं एकदा. मोठ्यानं."

तिनं वाचलं, शब्दन् शब्द. ते मान कलती करून, फोननं वाचलेल्याशी जुळवत ऐकत राहिले.

"जुळतंय," ते म्हणाले आणि दार उघडलं. "यापुढे साइटवरचं रोज एकदा असंच वाचून दाखवत जा."